सुगी, दीपोत्सव आणि रोजमेळाची वही

कबनूर आणि भोवतालच्या गावांत पीक घरात येण्याच्या दिवसांना ‘सुगी’ म्हणतात. कन्नडमधील ‘सुग्गी’शी नाते सांगणारा हा शब्द पंचगंगेच्या काठी इतका रुळला आहे की तो कोठून आला असा प्रश्न कोणाला पडत नाही. सोयाबीनची मळणी झाली, भुईमुगाचे वेल उपटून शेंगा तोडून झाल्या, अंगणात रास पडली, म्हणजे सुगी आली. (भुईमूग जमिनीखाली लागतो, मग तो कंदमुळात धरायचा की नाही, हा वाद पर्युषणात दर वर्षी एकदा तरी रंगतो. शेंग ती शेंगच, असा निकाल बहुतेक घरांनी केव्हाच देऊन टाकला आहे.)

हातकणंगले तालुक्यातील हे गाव आज इचलकरंजीला इतके बिलगले आहे की एकाची शीव कोठे संपते आणि दुसऱ्याची कोठे सुरू होते, हे परक्याला उमगू नये. १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसला आणि पुढे त्याचा खडखडाट कबनूरच्या गल्ल्यांतही शिरला. तरीही गावाच्या कडेने ऊस उभा आहे, आणि आश्विन लागला की दुकानातल्या गिऱ्हाइकाचे बोलणे भावाकडे आणि वजनाकडे वळते. येथील जैन समाजाचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. गुजरात-राजस्थानातून आलेली घराणी पेढीवर बसली; पण या मातीतील जैन हा मुळात नांगरधारी आहे. त्याच्या एकाच घरात थोरला भाऊ शेतात आणि धाकटा दुकानात, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. भगवान ऋषभदेवांनी मानवाला असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे शिकविली, असे आदिपुराण सांगते. त्यांतील कृषि, मसि आणि वाणिज्य ही तीन कर्मे या घरांतून एकाच छपराखाली नांदली. म्हणूनच शरदातील सणांचा उगम शोधताना शेतकऱ्याचा सण वेगळा, व्यापाऱ्याचा वेगळा आणि श्रावकाचा तिसराच, अशी विभागणी येथे टिकत नाही.

या सणांचे मूळ पावसात आहे. अधिक नेमके सांगायचे तर पाऊस थांबण्यात आहे. जुन्या काळी चार महिने सारा देश जागच्या जागी थिजत असे. नद्या फुगलेल्या, वाटा चिखलात बुडालेल्या. राजाचे सैन्य छावणीत, व्यापाऱ्याचा तांडा मुक्कामाला, शेतकरी बांधावर आणि मुनी वर्षायोगात. मुनींच्या थांबण्याचे कारण निराळे होते: पावसाळ्यात भूमीवर असंख्य जीव उपजतात आणि पावलागणिक हिंसा घडते. तथापि थांबणे सर्वांचे एकाच वेळी होते आणि निघणेही एकाच सुमारास. राजा दसऱ्याला सीमोल्लंघन करी, शेतकरी रास घेऊन बाजाराची वाट धरी, व्यापारी दिवाळीनंतर नव्या वहीने सौदा मांडी आणि मुनी वर्षायोगाचे निष्ठापन करून विहाराला निघत. या चौघांच्या प्रस्थानांची एकमेकांत गुंफलेली मालिका म्हणजे शरदाचे उत्सव. कोणता सण आधीचा आणि कोणी कोणाचा उचलला, हा वाद घालण्यापेक्षा या साऱ्यांना एकाच आभाळाने मोकळे केले, हे पाहणे अधिक फलदायी आहे.

दिगंबर परंपरेत दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीपासून चतुर्दशीपर्यंत चालते आणि लगेच क्षमावणी येते. पंचांगातील तिची जागा पाहण्यासारखी आहे. त्या वेळी पीक दाण्यावर आलेले असते. काढणीला थोडेच दिवस उरलेले असतात. काढणी म्हणजे देणेघेणे, आणि देणेघेणे म्हणजे कुरबूर. वजनात खोट, भावात फसवणूक, बांधावरची भांडणे ही सारी पुढच्या दीड महिन्यात होणार असतात. त्याआधीच वर्षभरातील मनातली अढी काढून टाकावी, अशी योजना कोणी मुद्दाम केली असे म्हणता येणार नाही. पण क्रम असा जुळला आहे खरा. क्षमा आधी मागून झालेली असते, हिशेब मागाहून होतो.

घटस्थापना हा तर उघडउघड शेतीचा विधी. शेतातली माती आणायची, तिच्यात धान्ये पेरायची, मधोमध पाण्याचा घट ठेवायचा आणि नऊ दिवसांत उगवण कशी होते ते पाहायचे. पुढील हंगामाच्या बियाण्याची ही घरगुती परीक्षाच होती, असे मानण्यास जागा आहे. दसऱ्याला तेच पिवळसर कोंभ टोपीत वा फेट्यात खोवतात. या परिसरातील बस्त्यांमधून त्याच दिवसांत पद्मावती मातेची पूजा चालते. खंडेनवमीला पूर्वी कोयते, खुरपी, विळे पूजत. आता मागांना हार घातले जातात आणि इतर दिवशी न थांबणारा खडखडाट त्या दिवशी काही तास थांबतो.

नवरात्राशी एक गोष्ट जोडून आठवावी अशी आहे. सुगीच्या उत्सवांत देवीला बळी देण्याची चाल भारतात दूरवर पसरलेली होती. जैन कवींनी तिला उत्तर दिले ते यशोधर राजाच्या कथेने. दुःस्वप्न पडलेल्या यशोधराला त्याची माता देवीपुढे पशू मारण्याचा आग्रह करते. तो नकार देतो. अखेर तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी देतो. रक्ताचा थेंबही सांडत नाही. पण मारण्याचा संकल्प तर झालेला असतो, आणि तेवढ्यासाठी माता व पुत्र दोघांनाही पशुपक्ष्यांच्या अनेक योनींतून भटकावे लागते. सोमदेवसूरींनी दहाव्या शतकात ‘यशस्तिलक’ या संस्कृत चंपूत ही कथा विस्ताराने सांगितली आणि कन्नड कवी जन्नाने १२०९ मध्ये ती आपल्या काव्यात आणली. बळीच्या जागी कोहळा किंवा नारळ आणणे ही सुधारणा बऱ्याच ठिकाणी झाली; यशोधराची कथा मात्र त्याहून एक पाऊल पुढे जाते आणि कोहळ्यावर सुरी चालविणाऱ्याच्या मनात काय आहे, असे विचारते. तो प्रश्न आजही सोयीस्कर नाही.

दसऱ्याच्या सोन्याची कथा सर्वांच्या परिचयाची आहे. कौत्साची गुरुदक्षिणा पुरी करण्यासाठी रघुराजाने कुबेरावर स्वारी करण्याचे ठरविले आणि कुबेराने सुवर्णवृष्टी केली. तिचा संबंध लोकांनी आपट्याच्या पानांशी लावला. हा रघू इक्ष्वाकु कुळातला, आणि ऋषभदेवही त्याच कुळातले. ‘इक्षु’ म्हणजे ऊस. दीर्घ उपवासानंतर ऋषभदेवांनी पहिला आहार घेतला तो राजा श्रेयांसाच्या हातून, उसाच्या रसाचा. तो दिवस अक्षय्य तृतीयेचा, म्हणजे उन्हाळ्यातला. पण उसाने वेढलेल्या मुलखातील श्रावकाला ही आठवण गळीत हंगामाच्या तोंडावर झाली, तर तिथीचा दोष कोणी काढू नये. आपट्याचे झाड आता गावाजवळ सहसा दिसत नाही. बाजारात विकत मिळणारी जुडी पुष्कळदा कांचनाची असते आणि तीच सोने म्हणून हातोहात फिरते. सराफी करणाऱ्या घरांनी तरी कस लावून पाहायला हरकत नसावी!

आश्विन पौर्णिमेला कोकणात नव्या भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानांसह दाराला बांधतात. कृष्णेपलीकडच्या उत्तर कर्नाटकात त्याच दिवशी ‘शीगी हुण्णिमे’ असते. उभे पीक म्हणजे गर्भार भूमाता, अशा भावनेने घरातली माणसे शिजविलेले अन्न शेतात नेतात, पिकाची पूजा करून ते शेतभर शिंपडतात आणि बांधावर पंगत बसते. लेकीच्या डोहाळजेवणासारखाच हा सोहळा. कोल्हापूर आणि बेळगाव यांच्यामधली राज्यसीमा अलीकडची, सोयरिकी जुन्या. त्यामुळे सासर-माहेरच्या वाटेने अशा चाली इकडून तिकडे येत-जात राहिल्या.

मग येते आश्विन अमावास्या. उत्तरेकडच्या पंचांगांत हिलाच कार्तिक अमावास्या म्हणतात, आणि ग्रंथांतील उल्लेख वाचताना त्याने गोंधळ होतो. पावापुरीला भगवान महावीरांचे निर्वाण झाले ते या रात्रीच्या शेवटी. ज्ञानाचा प्रकाश गेला, आता द्रव्याचा प्रकाश करू, असे म्हणून काशी-कोसलच्या अठरा गणराजांनी दीप लावले, असे कल्पसूत्र सांगते. जिनसेनाचार्यांनी शके ७०५ मध्ये, म्हणजे इसवी सन ७८३ मध्ये, पूर्ण केलेल्या ‘हरिवंशपुराणा’त या उत्सवासाठी ‘दीपालिका’ हा शब्द आला आहे. पहाटे बस्तीत निर्वाणलाडू अर्पण केला जातो. त्याच दिवशी गौतम गणधरांना केवलज्ञान झाले. दुसऱ्या दिवशी वीर निर्वाण संवत सुरू होतो. इसवी सनपूर्व ५२७ पासून चालत आलेल्या या गणनेला २५०० वर्षे पुरी झाली तेव्हा, १९७४-७५ मध्ये, देशभर उत्सव झाला होता.

प्रतिपदेला शेतकरी बळीराजाची आठवण काढतो, त्याचे राज्य पुन्हा यावे अशी इच्छा करतो. महात्मा फुले यांनी या बळीला शेतकऱ्यांचा न्यायी राजा मानले. जैन कथेतला बळी मात्र अगदी वेगळा आहे. तो हस्तिनापूरचा कपटी मंत्री. सातशे मुनींचा त्याने छळ मांडला आणि विष्णुकुमार मुनींनी वामनरूप घेऊन, तीन पावले भूमी मागून, तो उपसर्ग दूर केला. रक्षाबंधनाच्या दिवशी बस्तीत ही कथा वाचली जाते. म्हणजे तोच बळी श्रावणात मुनींचा वैरी असतो आणि कार्तिकात शेतकऱ्यांचा कैवारी. कबनूरमधील जैन शेतकऱ्याच्या घरात या दोन्ही आठवणी नांदतात आणि त्यांच्यात भांडण लागल्याचे ऐकिवात नाही. नाव एक असले तरी माणसे दोन, असे मानून घराने हा प्रश्न मिटवला आहे.

याच पाडव्याला वहीपूजन होते. लाल कापडाच्या पुठ्ठ्याची नवी वही, पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक, उतरंडीसारखे चढत जाणारे ‘श्री’, विडा, सुपारी, नाणे. गुजराती व मारवाडी पेढ्यांवर गौतमस्वामींची लब्धी, शालिभद्राची ऋद्धी, अभयकुमाराची बुद्धी आणि बाहुबलींचे बळ लाभो, अशा अर्थाचे मागणे पहिल्या पानावर लिहिले जाते. या यादीत एक सूक्ष्म विनोद दडलेला आहे. ज्या शालिभद्राची संपत्ती मागायची, त्याने ती टाकून दीक्षा घेतली. ज्या बाहुबलींचे बळ मागायचे, त्यांनी भावावर उगारलेला हात आवरला.

कीर्द, खतावणी, जमा, नावे हे व्यापाऱ्याच्या वहीतले शब्द. पण त्या वहीचे वर्ष शेतकऱ्याचे होते. पेरणीला बियाणे उधार गेले, श्रावणात घरखर्चाला उचल गेली, गौरी-गणपतीला कापड गेले, आणि सुगीला माल आला तेव्हा आडत्याने पट्टी करून उचल वळती केली. बाकी उरली ती नव्या वहीत पुढे ओढली. शेताचे वर्ष संपले की वहीचे वर्ष संपले. दिवाळी हा वर्षारंभ झाला तो त्यामुळेच.

मात्र या वहीची दुसरी बाजू सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. पुणे आणि नगर या दोन जिल्ह्यांत ते लोण पसरले. बहुतेक ठिकाणी त्यांना हवे होते ते धन वा धान्य नव्हते. त्यांनी मागितले आणि जाळले ते कर्जरोखे आणि कागदपत्रे. ते सावकार बव्हंशी मारवाडी व गुजराती होते. पुढे चौकशी झाली आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा आला. ज्या कागदापुढे एका घरात उदबत्ती लागत होती, तोच कागद दुसऱ्या घराच्या उंबरठ्याला लागलेली आग वाटत होता. व्यापारी घराण्यांच्या आठवणीत हा प्रसंग सहसा सांगितला जात नाही. तो सांगितला जावा. वहीत काय लिहिले होते याइतकेच, ते वाचता न येणाऱ्याचा अंगठा खाली उठलेला होता, हेही लक्षात असावे.

शेत आणि वही यांची फारकत झाली ती फार पुढे, आणि कायद्याने. आयकराच्या हिशेबासाठी व्यापाऱ्याला पूर्वी आपले वर्ष निवडता येई. दिवाळी ते दिवाळी असे वर्ष धरणाऱ्या पेढ्या पुष्कळ होत्या. १९८७ च्या सुधारणा कायद्याने ही मुभा गेली आणि १ एप्रिल १९८९ पासून ३१ मार्चला संपणारे एकच वर्ष सर्वांना लागू झाले. करआकारणीच्या दृष्टीने हे योग्यच होते. पाडव्याची वही मात्र त्या दिवसापासून कायद्याच्या लेखी निरुपयोगी झाली.

तरीही ती पुजली जाते. कबनूरमधील एका भुसार व किराणा दुकानात २०१९ च्या पाडव्याला घडलेला प्रसंग या दृष्टीने नोंदण्यासारखा आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला होता. नदीकाठचे सोयाबीन पाण्याखाली कुजले होते. दुकानाचे वृद्ध मालक, ज्यांना घरात आणि गावात सारे ‘अण्णा’ म्हणतात, ते नवी वही पुढ्यात घेऊन बसले होते. हिशेबतपासनीसाचा अभ्यास करणारा नातू शेजारी.

“अण्णा, खाती मार्चला बंद होतात. सगळा हिशेब संगणकात आहे. मग आज पुजायचं ते काय?” त्याने विचारले. स्वरात थट्टा नव्हती.

“सरकारचा हिशेब मार्चला लागतो, बाळा. गावाचा आज लागतो. तू वाच, मी लिहितो.”

नातू जुन्या वहीतील नावे वाचू लागला. बऱ्याच नावांपुढे रक्कम चुकती झाली होती. नदीकाठच्या एका शेतकऱ्याचे नाव आले. जूनमधील बियाणे-खताची पूर्ण बाकी तशीच होती.

“हे माफ करून टाकू या. त्यांचं सगळंच गेलंय,” नातू म्हणाला.

अण्णांनी क्षणभर लेखणी थांबवली. “माफ म्हणून लिहू नको. माणूस लाजतो. उद्यापासून रस्ता बदलून दुसऱ्या दुकानात जाईल. बाकी पुढं ओढ. व्याज मांडू नको. आणि खाली दोन ओळी मोकळ्या सोड.”

“मोकळ्या कशाला?”

“मुलीच्या लग्नाला माल लागेल त्याला माघात. तेव्हा जागा नको?”

नातवाने बाकी पुढे ओढली. संगणकात अशी मोकळी ओळ सोडण्याची सोय नसते, हे त्याला ठाऊक होते. पण तो काही बोलला नाही. असा व्यवहार प्रत्येक दुकानात होतो असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. वसुलीसाठी दारात माणूस बसविणारीही दुकाने आहेत. परंतु वही हाताने लिहिली जाते तेव्हा प्रत्येक नावापाशी लेखणी थांबते आणि त्या थांबण्यात निर्णय घेतला जातो, एवढे खरे.

आता या भागाची मोठी सुगी उसाची. दसऱ्याच्या सुमारास कारखान्यांत बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, मग मुहूर्ताने उसाची पहिली मोळी गव्हाणीत पडते. कारखान्याचे अध्यक्ष, संचालक, पूजा, नारळ. थोडक्यात, खळ्यावरचा जुनाच विधी लोखंडी वेशात. मागील हंगामाच्या उसाचा दिवाळीचा हप्ता आणि सभासदांची सवलतीची साखर यांवर गावातला सण ठरतो. ऊस गाळपाला गेल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळावेत असा १९६६ चा आदेश आहे. तो पाळला गेला की नाही, हे कारखान्याच्या अहवालापेक्षा गावातल्या किराणा दुकानाच्या उधारीवरून लवकर कळते. इकडे कोल्हापूरच्या बाजार समितीत पाडव्याच्या मुहूर्तावर गुळाचे सौदे निघतात. शाहूपुरी ही पेठ राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसविली आणि गुळाच्या व्यापाराने ती नावारूपाला आली. मुहूर्ताच्या सौद्याला पहिल्या रव्यांना चढा भाव मिळतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो खाली येतो. दोन्ही बाजूंना हे ठाऊक असते आणि तरी मुहूर्त चुकत नाही. गुऱ्हाळावर आल्यागेल्याला रस आणि गरम गूळ फुकट द्यायचा, ही रीत जेथे जेथे काहील उकळते तेथे अजून पाळली जाते.

कार्तिक शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत अष्टाह्निक पर्व चालते. त्याच पंधरवड्यात कबनूरच्या दुकानांत नवी गिऱ्हाइके दिसू लागतात. बीडकडून आलेले ऊसतोड मजूर दिवाळी गावी साजरी करून, किंवा ती वाटेवरच सोडून, उसाच्या फडाशेजारी पालाच्या कोपी उभारतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी हंगामभर राबायचे असते. नवरा-बायकोच्या जोडीला येथे ‘कोयता’ म्हणतात आणि मजुरांची मोजदाद माणसांत नव्हे, कोयत्यांत होते. पहाटे तोडणीला जाण्यापूर्वी किंवा रात्री ट्रॅक्टर भरून दिल्यावर ही मंडळी येतात. किलोभर पीठ, छटाक तेल, मिरची, चहाची पुडी. यांच्या सुगीला घट नाही, तुरा नाही, मुहूर्त नाही. अण्णांच्या वहीत यांची पाने शेवटी, वेगळी असतात. मुकादमाचे नाव वर आणि खाली कोयत्यांचे आकडे. या वर्षी नातवाने प्रत्येक जोडीचे नाव विचारून लिहायला सुरुवात केली. त्या पानांचा हिशेब कारखान्याचा पट्टा पडल्यावर, मार्चमध्ये लागतो.